खिळ्यावरची तार

नलूकाकीच्या घरात शिरलं की समोर टीव्ही दिसायचा आणि टीव्हीच्या बरोबर वर, खिळ्याला अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. लोक त्या जागी देवाचा फोटो लावतात. नलूकाकीनं देव बाजूच्या भिंतीवर सरकवला होता आणि तारेला मधली जागा दिली होती. तारेवर धूळ बसली तरी ती पुसायची नाही, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. माझी आई एकदा म्हणाली, "नलू, भंगारवाला येतो की दर बुधवारी. देऊन टाक तेला."

"भंगारवाल्याला न्हाय द्यायची," नलूकाकी म्हणाली. "जेची हाय तेलाच द्यायची. दिवस यायचाय."

ती 'दिवस यायचाय' म्हणायची तेव्हा तिचा आवाज चुलीतल्या निखाऱ्यासारखा खाली बसायचा. ओरडली असती तर कुणी घाबरलं नसतं, कारण आमच्या कोळीवाड्यात सगळेच ओरडतात. समुद्राशी बोलायची सवय. पण नलूकाकी हळू बोलायला लागली की मोरूकाका, म्हणजे तिचा नवरा, रिमोट हातात घेऊन उगाच चॅनल बदलत बसायचा.

नलूकाकी आमच्याकडची छत्री बसवणारी. टीव्हीची छत्री, गच्चीवर किंवा कौलांवर आभाळाकडं तोंड करून बसते ती. बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या टीव्हीच्या दुकानात आधी मोरूकाका हे काम करायचा. एकदा पावसाळ्यानंतर शेवाळलेल्या कौलावरून तो घसरला आणि गुडघा कायमचा गेला. त्याच दिवशी नलूकाकीनं सुक्या मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवल्या, त्याची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि उरलेलं काम पुरं करायला तेच कौल चढली. मोरूकाका खाली टीव्हीसमोर खुर्चीत. ती वर छत्री फिरवायची, तो खालून सिग्नलचा आकडा ओरडायचा. "चाळीस! पंचावन्न! बासष्ट! अठ्ठावन्न! आगो जास्त फिरवलीस, मागं घे! बासष्ट!" असं करत करत ती पक्की फिटर झाली आणि तो पक्का आकड्यांचा माणूस झाला. आता त्याला चहा कसा झालाय विचारलं तरी तो एक घोट घेतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "पासष्ट."

नलूकाकीच्या हातची छत्री लांबून ओळखू यायची. केबल भिंतीला सरळ रेषेत खिळलेली. घरात शिरायच्या भोकाआधी तिला एक झोल दिलेला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून घसरत आलं तरी झोलाच्या पोटातून बाहेरच टपकतं. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं. मध्ये कुठं जोड नाही. विजेच्या मीटरच्या वायरशी केबलची सोबत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. केबल घरात शिरायच्या आधी एका पितळी ठोकळ्यातून जायची, त्या ठोकळ्याला तांब्याची तार, आणि ती तार थेट खाली, जमिनीत ठोकलेल्या सळईला आवळलेली. कुणी म्हणालं, "काकी, ही तार कशाला गो आणखी?" की नलूकाकी वर बोट करायची.

"आभाळाकडं तोंड करून लोखंड उभं केलंय आपण. आभाळ कधी काय देईल सांगता येतंय? दिलेलं खाली पोचवायला वाट नको? वाट न्हाय ठेवली तर ते घरातून जाईल. तुझ्या टीव्हीतून, फ्रीजमधून, तुझ्या पोराच्या हातातल्या चार्जरमधून. आधी जमीन, मंग आभाळ. जमिनीचं काम होईपर्यंत मी छत्रीला हात न्हाय लावत."

कोळीवाड्यात सतरा छत्र्या तिच्या हातच्या होत्या. सतरावी शिवदासशेटच्या गच्चीवर.

शिवदासशेट म्हणजे दोन बोटींचे मालक, आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि देवळावरच्या भोंग्याचे कायमचे धनी. भोंग्यासमोर आले की ते आधी माइकवर तीनदा फुंकर मारतात. फूः, फूः, फूः. मग खाकरतात. मग 'तरी'पासून सुरू करतात. आधी काही बोललेलंच नसतं, तरी सुरुवात 'तरी'. "तरी सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी बर्फाची गाडी येणार नाय. तरी सर्वांनी नोंद घ्यावी." हे ऐकून समुद्रातल्या बोटीवरचे लोकसुद्धा नोंद घेतात, इतका तो भोंगा लांब जातो. घरी जेवायला वाढलं तरी शेट 'तरी भात आणा' म्हणत असतील अशी मला खात्री आहे.

सगळं नीट चाललं होतं तोवर नलूकाकी त्यांना 'शिवदासदादा' म्हणायची. ते तिला 'नले' म्हणायचे.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी ढग आले. पाऊस जाता जाता शेवटचं भांडण करून जातो तसले. पाऊस चार थेंब आणि आवाज मात्र डोंगर फोडल्यासारखा. एक वीज शिवदासशेटच्या घराशेजारच्या माडावर पडली. माडाची शेंडी जळाली. आणि शेटच्या घरात टीव्ही फुटला, छत्रीची केबल लागते तो टीव्हीखालचा डबा वितळला, फ्रीज बंद पडला, भिंतीतलं बटण उडून समोरच्या फोटोला लागलं. नशीब, सगळे मागच्या ओटीवर मासळी निवडत बसलेले. माणसाला काही झालं नाही.

तासाभरात शेट नलूकाकीच्या दाराशी. हातात तीच तांब्याची तार, गच्चीवरून पकडीनं तोडून आणलेली. ती त्यांनी तिच्या उंबऱ्यात फेकली.

"घे तुझी तार, नले! वीज बाहेर जाईल म्हणालीस ना? आत आली! तुझ्याच तारेवरनं आत आली!"

"दादा, मी जरा वर येऊन बघते, सळईला नीट—"

"वर यायचं न्हाय! माझ्या घराच्या पायरीवर पाय ठेवायचा न्हाय! बायकांची कामं हायत काय ही? मासळी सुकव जा!"

आणि संध्याकाळी देवळावरून फूः फूः फूः. "तरी सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, नलू मोरू हिच्या तारेनं वीज घरात येते. तरी तिच्याकडून कुणीही छत्री बसवून घेऊ नये. तरी जीवाचा प्रश्न हाय."

नलूकाकी तेव्हा ओट्यावर उभी होती. मी समोरच राहते, मला तिचं तोंड दिसत होतं. भोंगा संपला तरी ती तशीच देवळाकडं बघत उभी. मग आत गेली आणि उंबऱ्यातली तार उचलली.

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिच्यामागं ओरडायला लागली, "नलूच्या तारेनं वीज येते!" चालसुद्धा लावली. खरं सांगते, चाल चांगली होती आणि दोन दिवस माझ्याही तोंडात होती. मग आईनं एक ठेवून दिली आणि चाल गेली.

पण पोरांचं काय. खरं झोंबलं ते मोठ्यांचं. लोकांनी शिवदासशेटच्या भाच्याला, म्हसळ्याच्या दिपेशला बोलवलं. दिपेश म्हणजे काळा चष्मा, दोन मोबाइल आणि प्रत्येक वाक्याला 'टेन्शन नय लेनेका'. त्यानं एकेका घरी जाऊन नलूकाकीच्या तारा तोडल्या. शेटची आधीच तुटलेली, उरलेल्या सोळाच्या सोळा, आणि शेटच्या छत्रीची केबलही त्यानंच पुन्हा जोडली. "ये आउटडेटेड है काकी, टेन्शन नय लेनेका." लोकांना वाटलं, चला, वीज यायची वाट बंद झाली. नलूकाकी ओट्यावरून एकेक तार खाली पडताना बघायची आणि बोटं मोडायची. "तेरा... चौदा... सगळ्यांचं छप्पर आता उघडं पडलं मोरू. उद्या कुणाचं पोर गेलं तर नाव माझंच घेतील."

मोरूकाका म्हणाला, "शंभर टक्के."

तिला कोळीवाड्यात कुणी काम देईना. ती पिशवी घेऊन सहा आसनी रिक्षानं बोर्लीला जायची, अनोळखी लोकांच्या घरांवर छत्र्या बसवायची, तिथं लोक तिला 'मॅडम' म्हणायचे. परत आली की इथं पुन्हा 'तारवाली'. तिला तिकडचं 'मॅडम' नको होतं. तिला तिचं नाव त्याच भोंग्यातून परत पाहिजे होतं.

आता तारेची गोष्ट. ती उंबऱ्यात पडली त्या संध्याकाळीच नलूकाकीनं ती दिव्याखाली धरली होती. मोरूकाकानं हे मला नंतर सांगितलं. तारेचं जे टोक जमिनीतल्या सळईला आवळलेलं असायला हवं होतं, त्या टोकाला चिमट्याच्या खुणा जुन्या, बुजलेल्या होत्या. तिथं गाठ होती. होडी खुंट्याला बांधतात तसली, दोन फेरे आणि वरून अडकवलेला फास. गाठीत माडाच्या खोडाचा भुसा अडकलेला आणि सगळं टोक काळं जळलेलं. वरच्या भागात, वीतभर अंतरानं, तारेवर हिरवे डाग, तांब्याला खार लागला की चढतात तसले. एकेका डागात बारीक बारीक दात.

नलूकाकीनं एक दात नखानं काढला आणि हुंगला. "बोंबील," ती म्हणाली.

ओले बोंबील सुकवायला दोघा-दोघांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टांगतात. त्यांचे दात इतके बारीक आणि वाकडे असतात की एकदा जबडा जबड्यात बसला की वाऱ्यानं सुटत नाही. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. शेटच्या घरी मासळी भरपूर, मांजरंही भरपूर. आणि गच्चीवरून खाली जाणारी सरळ, ताठ, न गंजणारी तार, जी दिसायला काहीच काम करत नव्हती. तेव्हा कुणीतरी ती सळईपासून सोडली, आडवी ओढली आणि शेजारच्या माडाला बांधली. ऊन, वारा सगळं मिळेल आणि मांजर पोचणार नाही. आणि मग वीज पडली ती नेमकी त्याच माडावर. माडावरून तारेवर, तारेवरून ठोकळ्यात, ठोकळ्यातून घरात. आत यायला तिला शेटच्याच घरानं दोरी बांधून दिली होती.

त्याच आठवड्यात सोनूबाईची, म्हणजे शेटच्या बायकोची, सुक्या बोंबलांची टोपली बोर्लीच्या बाजारातून परत आली होती. बोंबलांची तोंडं हिरवी होती म्हणून. सगळे हसले होते. "सोनूबाय, बोंबील पान खाऊन आले काय गो?" हसले आणि विसरले. नलूकाकी हसली नव्हती आणि विसरली पण नाही.

"आता जा ना तेच्या घरी," मोरूकाका म्हणाला. "दाखव तोंडावर."

"आता गेले तर भांडण होईल. शेट म्हणेल, तार तूच रंगवलीस. मला भांडण नको मोरू. मला शेट पाहिजे. अख्ख्या कोळीवाड्यासमोर पाहिजे."

"किती दिवस थांबणार?"

तिनं खिळा ठोकला, देव सरकवला आणि तार टांगली. त्या दिवसापासून 'दादा' बंद झालं, 'शेट' सुरू झालं. वाटेत भेटले तर ती पदर सावरून म्हणायची, "काय शेट, मजेत?" इतकं गोड की शेटचीच दोन पावलं चुकायची.

वर्ष गेलं. आणि दिवस आला, तो टीव्हीवरूनच.

शेटचा मुलगा कमलेश कबड्डी खेळतो. मांड्या अशा की दार बंद करताना अडचण. त्याची एका मोठ्या स्पर्धेच्या संघात निवड झाली आणि पहिला सामना टीव्हीवर दिसणार असं कळलं. मग काय. फूः फूः फूः. "तरी सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आपला कमलेश येत्या शनिवारी साडेसात वाजता टीव्हीवर दिसणार हाय. तरी सर्वांनी आमच्या अंगणात यावे. तरी चहा-भज्यांची सोय हाय." मोबाइलवर बघता आलं असतं, पण मोबाइलवर चार डोकी मावतात आणि आमच्याकडं रेंज खडकावर चढून घ्यावी लागते. शेटना अख्खं गाव अंगणात पाहिजे होतं. म्हसळ्याहून व्याही, पालीहून मेव्हणे, बोर्लीचे व्यापारी, सगळे बोलावले. भिंतीएवढा नवीन टीव्ही आणला.

शनिवारी सकाळी टीव्ही लावला आणि पडद्यावर नुसती निळी पाटी. सिग्नल नाही.

दिपेशला फोन. दिपेश पालीला लग्नात वाजंत्रीवाल्यांच्या शेजारी. "मामा! क्या? सुनाई नय देता! टेन्शन नय लेनेका!" आणि फोन बंद. बारा वाजेपर्यंत शेटनी छत्रीला स्वतः हलवून बघितलं, त्यामुळं होतं नव्हतं तेही गेलं. एकच माणूस उरलं होतं. त्यांनी आपल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, गुणाजी याला पाठवलं. गुणाजी बिचारा भला माणूस, नलूकाकीच्या ओट्यासमोर येऊन टोपी चोळत उभा राहिला.

"नलूताय, शेट बोलवतात. छत्री बघायला."

नलूकाकी सुपारी कातरत होती. "कोण शेट?"

"आपले शिवदासशेट."

"अगोबाय. तेंच्या पायरीवर मला पाय ठेवायला बंदी हाय गुणाजी. वर्ष झालं. ती उठवायला शेटनाच यावं लागेल."

गुणाजी गेला. दहा मिनिटांनी सोनूबाई आली. नलूकाकीनं तिला पाट दिला, पाणी दिलं, सुपारी दिली आणि तेच सांगितलं. सोनूबाई पदरात हसून म्हणाली, "मला म्हाईत होतं. मी म्हणूनच आले, म्हटलं बघावं तरी." आणि गेली.

एक वाजता शेट आले. उन्हात, चालत. सगळे ओट्यांवर. मोरूकाकानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"नले— नलू," शेट म्हणाले. "जरा छत्री बघतेस?"

"बघते की शेट. तुमचा कमलेश माझ्या मांडीवर खेळलाय. पण माझी रीत तुम्हाला म्हाईत हाय. आधी जमीन, मंग आभाळ."

"कर ना जमीन. कोण नको म्हणतंय?"

"खड्डा लागेल. कमरेएवढा. तो घरच्या मालकानंच खणायचा असतो."

मोरूकाकानं मान वर केली. "असा काही नियम—" नलूकाकीनं त्याच्याकडं बघितलं. "—शंभर टक्के," मोरूकाका म्हणाला.

दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत शिवदासशेट खणत होते. दोन बोटींचा मालक, मंडळाचा अध्यक्ष, लुंगी वर खोचून. आमच्याकडची जमीन वर वाळू आणि खाली मुरूम, कुदळ उडते. लोक सतरंज्या घेऊन लवकर यायला लागले. सामन्याला अजून वेळ होता, पण हा सामना फुकट होता. नलूकाकी खुर्चीत बसून केबल मापत होती आणि मधूनच म्हणायची, "अजून वीतभर, शेट. घाई न्हाय. साडेसातला वेळ हाय." पालीचे मेव्हणे मदतीला उठले तर ती म्हणाली, "नको नको, बाहेरच्या हातानं अर्थिंग धरत न्हाय." मग खड्ड्यात सळई उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ. कोळसा चुलीजवळचा आणि मीठ सोनूबाईनं मासळीच्या पिंपातून आणलं. पाटीभर आणायचं तिथं दोन पाट्या आणल्या आणि शेटच्या पायावर सांडलं.

मग नलूकाकी गच्चीवर गेली. दिपेशचं काम बघितलं आणि वरूनच बोलायला लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा बघा जोड! केबल मध्येच कापून पुन्हा गुंडाळलीय, वर साधी चिकटपट्टी. खाऱ्या हवेत ही चिकटपट्टी एक महिना न्हाय टिकत. आत तांबं हिरवं झालंय. भोक आत उतरतंय, झोल न्हाय, पावसाचं पाणी सरळ डब्यात. अख्खा पावसाळा डबा पाणी प्यालाय. टेन्शन नय लेनेका!" शेवटचं तिनं असं म्हटलं की लोक टाळ्या वाजवायला लागले. मलासुद्धा इतकं हुबेहूब जमत नाही.

तिनं नवी अखंड केबल ओढली, झोल दिला, भोक बाहेर उतरतं केलं. सहा वाजले. ठोकळा बसवला. आता ठोकळ्यापासून सळईपर्यंत तार.

तिनं पिशवीतून खिळ्यावरची तार काढली.

शेटनी ती ओळखली. घामानं आधीच भिजले होते, तरी त्यांचा चेहरा सुकल्यासारखा दिसला.

"नवी तार न्हाय का नलूबाय?" ते म्हणाले. 'नले'चं 'नलूबाय' व्हायला इतकाच वेळ लागला.

"हीच तुमच्या घरची. चांगली हाय. नुसती ही गाठ सोडा शेट. माझ्यानं सुटत न्हाय." तिनं ते जळकं टोक त्यांच्यापुढं धरलं. सगळ्यांच्या समोर.

शेट गाठीकडं बघत राहिले. शेजारी उभा गुणाजी, भला आणि भोळा, वाकून म्हणाला, "अरे, ही तर आपली बोट बांधायची गाठ! शेट, तुम्हीच मारता अशी, फास वरून. बाकी कुणी न्हाय मारत." मग त्यालाच कळलं आणि त्यानं टोपी डोक्यावर घट्ट बसवली.

"यात माडाचा भुसा कसा गो?" माझी आई म्हणाली. ती मुद्दाम पुढं बसली होती.

"आणि हे हिरवं काय?" बोर्लीचा एक व्यापारी म्हणाला. "आणि हे दात..." तो थांबला. गेल्या वर्षी टोपली परत पाठवणारा तोच. "अरे, हिरव्या तोंडाचे बोंबील!"

अंगणात आधी एका कोपऱ्यातून खुसखुस, मग सगळीकडून. नलूकाकी हसली नाही. तिनं एक वर्ष हसू साठवलं होतं आणि ते इतक्यात सोडणार नव्हती.

"माझी तार सळईवरनं सोडली कुणी?" तिनं विचारलं. हळू. निखाऱ्यासारखं. "माडाला बांधली कुणी? आणि वीज तेच्यावरनं घरात आली तर भोंग्यावर नाव कुणाचं घेतलं?"

"मला... मला काय म्हाईत की वीज..." शेट म्हणाले. "सोनूनं सांगितलं बोंबलाला दोरी पायजे—"

"मी दोरी म्हटलं!" सोनूबाई भज्यांचा झारा घेऊन बाहेर आली. "दोरी! तार सोडा म्हटलं मी? वर स्टुलावर कोण चढलं होतं? आणि वीज पडली तेव्हा मी काय म्हटलं, सांगा की सगळ्यांना! मी म्हटलं, अहो, ती तार आपण माडाला बांधली होती, नलूला काय बोलू नका. आणि तुम्ही काय म्हटलंत?"

सोनूबाईनं झारा शेटकडं रोखला.

"म्हणाले, तू गप बस, अध्यक्षाच्या हातून चूक झाली असं गावाला कळलं तर बरं न्हाय दिसत."

शेटला चूक कळली होती. तार फेकली तेव्हा, भोंग्यावर फूः फूः केलं तेव्हा, बाकीच्या सोळा घरांच्या तारा तुटत होत्या तेव्हा, सगळ्या वेळी त्यांना माहीत होतं. लोकांचं हसू थांबलं. आपापल्या छपराची आठवण झाली असावी. माझ्या वडिलांनी सुद्धा मान खाली घातली. आमची तार अकरावी.

नलूकाकीनं नवी तार पिशवीतून काढली. होती तिच्याकडं, जाड, चकचकीत. ती ठोकळ्यापासून थेट खाली आणली आणि सळईला चिमट्यानं आवळली. जुनी तार तिनं शेटच्या हातात दिली. मग केबलचं शेवटचं टोक, जे डब्याला लावायचं असतं, ते मुठीत धरून ती टीव्हीसमोर बसली. सात वाजून पाच मिनिटं.

"लाव ना आता नलूबाय," शेट म्हणाले.

"लावते. देवळात जाऊन या."

"देवळात?"

"भोंगा तिथं हाय ना."

शेटनी आजूबाजूला बघितलं. व्याही बघत होते, मेव्हणे बघत होते. सोनूबाई झारा हलवत होती. कुणी म्हणालं नाही की जाऊ दे नलू, झालं ते झालं. आमच्याकडं लोक असं पटकन म्हणतात, पण त्या दिवशी कुणी नाही म्हणालं. शेट गेले.

फूः. एकदाच. "तरी... सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की... नलूच्या तारेची काय चूक न्हाय."

नलूकाकी उठून अंगणाच्या कडेला गेली आणि देवळाकडं तोंड करून ओरडली. एका वर्षात मी तिला पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "मोठ्यानं शेट! त्या दिवशी दर्यापर्यंत गेलं होतं! आणि पूर्ण नावानं!"

खर्रर्र. "तरी! नलू मोरू हिच्या तारेनं वीज घरात आली नाय! तार मी सोडली होती! मी माडाला बांधली होती! बोंबील सुकवायला! तरी सर्वांनी आपापल्या तारा... नलूबायकडून... परत लावून घ्याव्या! तरी मी चुकलो!" मग माइक बंद करायला विसरल्यामुळं पूर्ण कोळीवाड्यानं आणि दर्यानं पुढचंही ऐकलं, "आयला, या भोंग्याच्या..."

नलूकाकीनं टोक डब्याला लावलं आणि वर गेली. खाली मोरूकाका, वर्षानंतर आपल्या कोळीवाड्यात, आपल्या खुर्चीत. "तीस! अठ्ठेचाळीस! सत्तर! जरा उजवीकडं... ब्याऐंशी! नव्वद! बस्स!" सिग्नलचा इतका मोठा आकडा मी त्याच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

कमलेश दिसला. चेहऱ्यावरचा घामाचा थेंब न् थेंब दिसला. पहिल्याच चढाईत तो तिसऱ्या सेकंदाला पकडला गेला, तेही फार स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून नलूकाकी बाकीच्या सोळा छपरांवर पुन्हा चढली. पण शेटच्या घरून निघताना, सामना संपल्यावर, तिनं त्यांना एक गोष्ट सांगितली होती. "शेट, हे अर्थिंग जिवंत ठेवायचं तर खड्ड्यात रोज सकाळी एक कळशी पाणी घालायचं. मालकाच्या हातानं. एक दिवस चुकलं की वीज कुठनं येईल, मी सांगू न्हाय शकत." एकदा विजेचा अनुभव घेतलेला माणूस. मान डोलावली.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता शिवदासशेट घराला वळसा घालून कळशी घेऊन खड्ड्यापाशी येतात. नलूकाकीच्या खिडकीतून ती जागा बरोबर दिसते. खिळा मोकळा आहे आता, देव अजून मधोमध आणलेला नाही. ती चहा घेऊन खिडकीशी बसते, आणि मीही कधीकधी.

काल सकाळी जुलैचा पाऊस असा की दर्या दिसेना. पागोळ्या धो धो, अंगणात घोटाभर पाणी. आणि त्यात शिवदासशेट, एका हातात छत्री, एका हातात कळशी, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पाणी ओतत होते.

मोरूकाका म्हणाला, "नलू, आता तरी सांग तेला. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा घातलं तरी पुरतं. पावसाळ्यात तर लागतच न्हाय."

नलूकाकीनं चहाचा घोट घेतला, खिडकी उघडली आणि पावसात डोकं बाहेर काढलं.

"शेट! कळशी अर्धीच होती!"